चाकाआडची कटकट



मागील लेखात आपण वाहनविम्याच्या नूतनीकरणाचा विचार केला. तो वाचून बाजारपेठेतील एका स्नेह्यांनी विचारले, "साहेब, अपघाताचे समजले, परंतु गाडीच रस्त्यात बसली, तर विमा कंपनी काय देणार?" उत्तर असे की, नेहमीच्या मोटार विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड यांची भरपाई धरलेली नसते. तो भार मालकालाच सोसावा लागतो. म्हणून या महिन्यात अशा एका बिघाडाविषयी लिहीत आहे, जो बहुतेक वेळा आगाऊ सूचना देऊन येतो आणि तरीही आपल्यातील पुष्कळांना रस्त्यात गाठतो. इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणारा दांडा, म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट, आणि त्याचे सांधे हा आजचा विषय. गॅरेजमध्ये यालाच सरसकट 'ॲक्सल' म्हणतात.

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी स्वतःची चूक सांगावी, हे बरे.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी, सौभाग्यवती, दोन नातवंडे आणि माझी ८६ वर्षांची आई असे आम्ही दहिगावला दर्शनासाठी गेलो होतो. जळोचीहून सकाळी निघावे, दुपारचे ऊन उतरले की परतावे आणि सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून आईचे भोजन व्हावे, असा बेत होता. आई अनेक वर्षांपासून सूर्यास्तानंतर अन्न-पाणी घेत नाही. पाणीही घरचे, गाळून उकळलेलेच घेते. परतताना नीरा ओलांडून आम्ही इंदापूर तालुक्यात आलो. उसाच्या फडांमधील एका अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला, म्हणून मी गाडी कडेला उतरवली. ती पुन्हा रस्त्यावर घेण्यासाठी स्टिअरिंग पूर्ण वळवले, तोच पुढील चाकाजवळ 'खाड' असा मोठा आवाज झाला. इंजिन चालू होते, गिअर पडत होता, ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन गरजत होते. परंतु गाडी तसूभरही पुढे सरकेना.

सोबतचे पाणी नातवंडांनी उन्हात केव्हाच संपवले होते. जवळच्या वस्तीवरील एका माउलीने आपुलकीने कळशी भरून आणली. आईने तिला हात जोडले आणि ते पाणी मुलांना द्यायला सांगितले. गाडी ओढून नेण्याची व्यवस्था करून, दुसऱ्या वाहनाने आम्ही घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. मे महिन्यातील त्या रात्री आई पाण्याचा थेंबही न घेता झोपली. मला ती एका शब्दाने बोलली नाही. सकाळी पाणी घेतल्यावर मात्र म्हणाली, "अरे, गाडीला काय झालं होतं ते नीट समजून घे. दुसऱ्या कुणावर अशी वेळ यायला नको." हा लेख म्हणजे त्या आज्ञेचे पालन आहे.

गॅरेजमध्ये मेस्त्रींनी तुटलेला सांधा माझ्या पुढ्यात ठेवला. "साहेब, तुटला काल, पण बिघडला होता दोन-तीन महिने आधी. गाडी तुम्हाला सांगत असणार." त्यांचे म्हणणे खरे होते. फेब्रुवारीत गाडी धुणाऱ्या मुलाने सांगितले होते की, उजव्या चाकाच्या आतल्या बाजूस काळे ग्रीस उडाले आहे. होळीनंतर आमच्या गल्लीत वळताना 'कट-कट' असा आवाज येऊ लागला. टायरमध्ये खडा अडकला असेल, अशी मी समजूत करून घेतली आणि पुढे तो कानांना सवयीचा झाला. थकीत होऊ घातलेल्या खात्याची पहिली लक्षणे ओळखण्यात माझी ३५ वर्षे गेली. दारातल्या गाडीचे लक्षण मात्र ओळखता आले नाही.

दांडा आणि त्याचे सांधे

ज्या रस्त्यावर आम्ही अडकलो, त्याच इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव त्या गावाला आहे. त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, पुढे प्रीमियर पद्मिनी, आपल्या वडिलांच्या पिढीतील अनेक पेढ्यांसमोर उभी असे. त्या मोटारीचे इंजिन पुढे आणि शक्ती मिळणारी चाके मागे होती. त्यामुळे पुढून मागे जाणारा एक लांब दांडा गाडीच्या पोटाखालून फिरत असे. मागील आसनापुढे जमिनीला जो उंचवटा असे, ज्यावर पाय ठेवण्यावरून आम्ही भावंडे भांडत असू, तो त्या दांड्यासाठीच होता.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. तिच्यात इंजिनही पुढे आणि शक्ती मिळणारी चाकेही पुढचीच. आज घरगुती वापराच्या बहुतेक लहान मोटारींची रचना हीच आहे. अशा गाडीत लांब दांड्याऐवजी गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंनी दोन आखूड दांडे निघतात आणि एकेका पुढील चाकाला जाऊन मिळतात. या दांड्यांना दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. चाक खड्ड्यात खाली-वर होते, शिवाय डावी-उजवीकडे वळते. तरी फिरणे अखंड चालू राहिले पाहिजे. म्हणून प्रत्येक दांड्याला दोन सांधे असतात : एक गिअरबॉक्सकडील आतला, दुसरा चाकाकडील बाहेरचा.

साध्या सांध्याने हे काम का भागत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांच्या नावाने ओळखला जाणारा 'क्रॉस'चा सांधा शतकानुशतके वापरात आहे. परंतु तो कोनात फिरला, की एका फेऱ्यात पुढचा दांडा दोनदा किंचित वेगाने आणि दोनदा किंचित मंद फिरतो. कोन लहान असेल तर हे खपते. वळणाऱ्या चाकाच्या मोठ्या कोनात त्याचे हिसके बसतात. १९२६ मध्ये आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने सहा पोलादी छर्रे वक्र खाचांत बसवून असा सांधा तयार केला, ज्यात कोन कितीही बदलला तरी दोन्ही बाजूंची गती समान राहते. समगतीचा म्हणून तो 'सीव्ही जॉइंट'. १९५९ च्या ब्रिटिश मिनी मोटारीपासून हा सांधा लहान गाड्यांत रुळला. माझ्या गाडीचा तुटला तो हाच, चाकाकडील सांधा.

या सांध्याला वेगळे तेलपाणी करावे लागत नाही. त्यात काळे, घट्ट ग्रीस भरून वर पेटीच्या भात्यासारखा चुणीदार रबरी बूट चढवतात आणि दोन्ही तोंडांना पट्टी आवळतात. बूट शाबूत असेल तर सांधा वर्षानुवर्षे तक्रार करत नाही. सारे गणित या बुटावर आहे. ऊन, वय, उडालेली खडी, वेड्या बाभळीचा काटा, सैल पट्टी, यांपैकी कशानेही त्याला चीर पडते. दांडा फिरू लागला की ग्रीस बाहेर फेकले जाते. मग धूळ आणि पाणी आत शिरते. आपल्या भागातील बारीक माती ग्रीसमध्ये मिसळली की तिचा घासणीचा लेप होतो आणि तो गुळगुळीत खाचांना खड्डे पाडतो. त्यानंतर नवे ग्रीस भरूनही झिजलेले पोलाद परत येत नाही.

खुणा कशा ओळखाव्यात

पहिली खूण डोळ्यांची आहे, आणि तीच सर्वांत स्वस्त पडते. महिन्यातून एकदा सपाट जागी गाडी उभी करून स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावे, इंजिन बंद करावे, हातब्रेक लावावा आणि विजेरीच्या उजेडात चाकामागे पाहावे. मग दुसऱ्या बाजूला वळवून तसेच पाहावे. बुटाच्या चुण्यांत चीर, सुटलेली पट्टी किंवा रिमच्या आतील बाजूस काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर त्याच आठवड्यात गॅरेज गाठावे. यासाठी गाडीखाली शिरण्याची गरज नाही. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीही जाऊ नये.

दुसरी खूण कानांची. मोकळ्या मैदानात काचा खाली करून, स्टिअरिंग पूर्ण वळवून, पहिल्या गिअरमध्ये सावकाश वर्तुळ काढावे. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. चाकाच्या फेऱ्याबरोबर ठेक्यात 'कट-कट-कट' ऐकू आले आणि ॲक्सिलरेटर किंचित दाबल्यावर ते वाढले, तर बाहेरचा सांधा झिजला आहे असे समजावे. डावीकडे वळताना आवाज आला, तर दोष बहुधा उजव्या चाकाकडे असतो आणि उजवीकडे वळताना आला, तर डाव्या. अंतिम निर्णय मात्र चाक उचलून, दांडा हाताने हलवून पाहिल्यावरच घ्यावा.

तिसरी खूण अंगाला जाणवते. सरळ रस्त्यावर वेग वाढवताना गाडी डावी-उजवीकडे थरथरते आणि ॲक्सिलरेटर सोडताच शांत होते. असे असेल तर संशय आतल्या सांध्यावर घ्यावा. पुढचा गिअर काढून मागचा टाकताना किंवा ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना 'ठक' असा एकच धक्का बसला, तरी आतला सांधा तपासावा. मात्र इंजिनाच्या रबरी माउंटिंग बसल्या असतील, तरीही असाच धक्का बसतो. म्हणून दोन्ही एकदम पाहून घ्यावे.

प्रत्येक आवाज ॲक्सलचा नसतो, हेही ध्यानात ठेवावे. नाहीतर निष्कारण खर्च होतो. वेगाबरोबर वाढणारी आणि ॲक्सिलरेटर सोडूनही न थांबणारी घूं-घूं बहुधा चाकाच्या बेअरिंगची किंवा उंचसखल झिजलेल्या टायरची असते. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरले, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग करून घ्यावे. ब्रेक दाबल्यावरच थरथर होत असेल, तर ब्रेकच्या डिस्क पाहाव्यात. गतिरोधकावर होणारी खडखड सस्पेन्शनची असते. गॅरेजमध्ये गेल्यावर "आवाज येतो" एवढेच न सांगता, कोणत्या वळणावर, किती वेगात आणि काय करताना येतो, हे सांगावे. कर्जदाराने विवरणपत्र नीट भरून आणले की निर्णय लवकर होत असे. तसेच हे आहे.

दुरुस्ती आणि बिल

बूट फाटला आहे, पण आवाज सुरू झालेला नाही, या टप्प्यावर काम थोडक्यात भागते. दांडा बाहेर काढतात, सांधा उघडून जुने ग्रीस पूर्ण धुतात, छर्रे आणि खाचा तपासतात, नवे ग्रीस, नवा बूट आणि नव्या पट्ट्या बसवतात. हा खर्च साधारणतः शेकड्यांत राहतो. आवाज सुरू झाल्यावर केवळ बूट बदलून घेणे म्हणजे बुडीत खात्याला मुदतवाढ देणे होय. अशा वेळी सांधा, किंवा तो सुटा मिळत नसल्यास संपूर्ण ॲक्सल बदलावा लागतो आणि खर्च हजारांत जातो. रस्त्यात तुटल्यास त्यात गाडी ओढून नेण्याचे भाडे आणि वाया गेलेला दिवस मिळवावा. माझ्या बाबतीत आईची ती रात्रही त्यात होती.

काम नीट झाले की नाही, हे मालकालाही काही गोष्टींवरून पाहता येते. चाकाच्या मध्यभागी ॲक्सलचा मोठा नट असतो. तो बहुतेक गाड्यांत एकदाच वापरायचा असतो. म्हणून नवा नट घ्यावा आणि कंपनीने ठरवून दिलेल्या ताकदीने टॉर्क रेंच लावून आवळावा. अंदाजाने आवळला तर चाकाचे बेअरिंग लवकर जाते. दांडा गिअरबॉक्समधून ओढला की गिअर ऑइल सांडू शकते. त्याची पातळी पुन्हा पूर्ण करून घ्यावी. तेथील ऑइल सील गळत असेल, तर तीही त्याच वेळी बदलावी, म्हणजे मजुरी दोनदा पडत नाही. सांध्यासाठीचेच ग्रीस, जे बहुधा बुटाबरोबर पुडीत येते, ते पूर्ण वापरावे. डब्यातील कोणतेही ग्रीस चालत नाही. जुना भाग परत मागावा, बिलावर भागाचे नाव आणि हमीची मुदत लिहून घ्यावी, आणि पैसे देण्यापूर्वी तेच वर्तुळ पुन्हा काढून पाहावे.

जुन्या बाजारातील वापरलेला ॲक्सल स्वस्त मिळतो. घ्यावाच लागला, तर बूट काढून आतील खाचा स्वतः पाहाव्यात. वरून रंग दिलेला सांधा आतून कसा आहे, हे रंग सांगत नाही. बॅटरीवर चालणारी मोटार घेतली म्हणजे यातून सुटका झाली, असेही नाही. तिच्यातही मोटरपासून चाकांपर्यंत असेच दांडे, सांधे आणि बूट असतात. शिवाय तिचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो, तो याच सांध्यांवरून जातो.

दुकानाची वाहने

आपल्यापैकी अनेकांच्या पेढीवर ईको, बोलेरो पिकअप किंवा 'छोटा हत्ती' आहे. जळोचीच्या उपबाजारात पहाटे भाजीपाला व फळे घेऊन येणारी पुष्कळ वाहने याच जातीची असतात. यांत मागील चाकांना शक्ती मिळते, म्हणजे जुन्या फियाटप्रमाणे पोटाखालून प्रॉपेलर शाफ्ट जातो. त्याच्या टोकांना क्रॉस असतात, आणि काही गाड्यांत मध्ये एक सेंटर बेअरिंग असते. गाडी जागेवरून हलताना 'टक्' असा आवाज, हळू चालवताना चूं-चूं असा ठेका आणि वेगात पायाखालची जमीन थरथरणे, या याच्या खुणा. ज्या क्रॉसला ग्रीसची निपल असेल, त्याला ठरलेल्या किलोमीटरवर ग्रीस भरणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. शाफ्ट उतरवण्यापूर्वी त्यावर आणि जोडावर खूण करून पुन्हा त्याच जागी बसवावा. दोन्ही टोकांचे क्रॉस एकमेकांशी ठरावीक मांडणीत असतील, तरच एकाची गतीतील चढउतार दुसरा भरून काढतो. मांडणी चुकली, तर नवा क्रॉस घालूनही गाडी थरथरते. शाफ्टवर डकवलेले लहान लोखंडी तुकडे तोल साधण्यासाठी असतात. ते काढू नयेत. धावत्या गाडीचा शाफ्ट पुढील टोकाने सुटून रस्त्यावर टेकला, तर गाडी उलटण्याचे भय असते. म्हणून या थरथरीकडे एक दिवसही दुर्लक्ष करू नये.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओचा कारखाना आहे, आणि तीनचाकी मालवाहू रिक्षा आपल्या अनेक दुकानांपुढे उभ्या असतात. त्यांचे इंजिन मागील बाजूस असते आणि दोन्ही मागील चाकांना आखूड शाफ्ट जातात. क्षमतेबाहेर माल भरला, की पहिला ताण याच सांध्यांवर येतो. एका खेपेची बचत पाहताना हेही खर्चात धरावे.

व्यापारी बंधूंना एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. दुकानाच्या गाडीचा आवाज मालक ऐकत नाही, चालक ऐकतो. तो सांगायला आला की आपण पटकन म्हणतो, "आता याचाही खर्च काढलास का?" दुसऱ्या वेळी तो सांगत नाही. गाडीत एक वही ठेवावी, चालकाने आवाजाची तारीख आणि प्रसंग त्यात लिहावा आणि आपण शनिवारी ती वाचावी. बातमी आणणाऱ्यावर खर्चाचा राग काढू नये. मला फेब्रुवारीत पहिली बातमी देणारा तो गाडी धुणारा मुलगाच होता, आणि मी त्याला "बघू" म्हणून परत पाठवले होते.

इतके करूनही सांधा रस्त्यात तुटलाच, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इंजिन गरजते पण गाडी हलत नाही, अशा वेळी पुनःपुन्हा ॲक्सिलरेटर दाबू नये. सुटलेला दांडा आत आपटून शेजारचे भाग फोडतो. दुसरे असे की, ॲक्सल तुटलेली गाडी गिअरमध्ये ठेवली तरी उतारावर अडत नाही. हातब्रेक पूर्ण ओढावा आणि चाकामागे मोठा दगड लावल्याशिवाय कोणासही गाडीजवळ उभे करू नये.

बँकेच्या नियमाने हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते. परंतु त्याआधीच्या ३०, ६० दिवसांच्याही नोंदी ठेवाव्या लागतात, कारण खाते वाचते ते त्या काळातच. फाटलेला बूट हा पहिल्या ३० दिवसांचा प्रकार आहे. कटकट सुरू झाली की ६० ओलांडले. रस्त्यात 'खाड' झाले की वसुलीचा प्रश्नच उरत नाही.

या वर्षीही आम्ही दहिगावला जाणार आहोत. आदल्या रविवारी नातवाला विजेरी देऊन चारही बूट पाहायला लावले. डाव्या चाकाकडील बुटावर एक बारीक चीर त्याला दिसली. ती मला दिसली नव्हती. सोमवारी बूट बदलून घेतला. आईला हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. आणि पाण्याची एक बाटली जास्त घे."